आतली कडी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा. शब्द इकडचे तिकडे व्हायचे, प्रश्न तोच. कादंबरीच्या ओघात नायकात होत जाणारा बदल स्पष्ट करा. आजही हे वाक्य कुठे छापलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. केस पिकले, दात हलायला लागले, पण हा राग काही पिकत नाही. नायक बदलतो, हो, बदलतो ना! पण त्या कादंबरीपायी मी ज्याला डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं, तो नायक नव्हता. ती कादंबरी शिकवणारा माणूस होता.

मला लेक्चरर व्हायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मला एवढं का झोंबलं ते कळेल. शाळामास्तरीण नाही, नर्स नाही, लेक्चरर. वर्गात ती लाकडी फळी असते ना, तिच्यावर उभं राहायचं, हातात पुस्तक धरायचं आणि समोरच्या पोरापोरींना ऐकत बसायला लावायचं. आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारी मुलगी तेव्हा मी एकटीच. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारापलीकडे आमची घरं, सगळी छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं. आईबाबा त्या दिवशी मैदानावर गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते म्हणे. बाबा कापडगिरणीत. आई घरी, पण तिचा आवाज चौकापर्यंत. माझा स्वभाव कोणावर गेला हे वस्तीत कोणाला विचारावं लागत नसे.

आता दाराचं सांगते. दाराशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

आमच्या घराला बरीच वर्षं दार नव्हतं. चौकट होती आणि चौकटीला पोत्याचा पडदा. कुत्रं आत यायचं, शेजारीण आत यायची, वारा तर विचारूच नका. मी वयात आले तसा आईने धोशा लावला की घरात मोठी पोट्टी आहे, आता दार पाहिजे. एका रविवारी बाबा हातगाडीवर दार घेऊन आले. जुन्या लाकडाच्या बाजारातून आणलेलं, एका फळीचं, जाडजूड. गाडीवरून उतरवायच्या आधीच ओरडले, "पाय वं, सागवान होय! ठोकून पाय!"

सागवान होतं, खोटं नाही. पण ते दार निघालं मिरचीच्या गोदामाचं. भिवापूरची मिरची त्या गोदामात वर्षानुवर्षं भरलेली, तिखट लाकडात मुरलेलं. दार जरा जोरात लावलं की घरभर शिंका. तेही चाललं असतं. पण गोदामाच्या दाराला कडी कुठे असते? बाहेरून. मिरच्या काही आतून कडी लावत नाहीत. बाबांनी सागवान पाहिलं, जाडी पाहिली, बिजागऱ्या पाहिल्या, आणि कडी तेवढी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या पोट्ट्यांनी बाहेरून कडी घातली आणि पळाले. आत आई आणि मी. बोंबलून बोंबलून आईचा घसा बसला, तेव्हा कुठे शेजारणीने येऊन उघडलं.

संध्याकाळी बाबा गिरणीतून आले. आई वाटच पाहत होती.

"हे दार होय का गा? आतून कडी नाही त्याले दार म्हणते का कोणी? झाकण होय हे, झाकण! आमी काय बरणीतलं लोणचं आहो, का बाहेरून लावलं की मुरत बसाव?"

बाबा हसले आणि तिथेच चुकले. मग त्या रात्री स्वयंपाक झाला नाही. बाबा उद्या लावतो, उद्या लावतो करत राहिले. शेवटी आईनेच एका सुताराला हाताला धरून आणलं आणि समोर उभं राहून आतून कडी ठोकून घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस ती विनाकारण कडी लावायची आणि काढायची. मी दाराला पाठ टेकून अभ्यास करायला लागले ते तेव्हापासून.

आता सर. त्यांचं नाव घेत नाही, घ्यावंसं वाटत नाही. चाळिशीचे असतील. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्कूटर, बोलायला लागले की वर्गाबाहेरचे चपराशी थबकायचे. शेवटच्या वर्षाला ते एक कादंबरी शिकवायचे. तिचंही नाव राहू द्या, पण गोष्ट सांगावी लागेल.

एक शहर असतं, त्यात दारांना बंदी असते. ज्याच्या मनात काही नाही त्याला दार कशाला हवं, असं तिथलं सरकार म्हणतं. लोकांनाही ते पटलेलं असतं. माणसं झोपेतसुद्धा चेहरा नीट ठेवायला शिकलेली असतात. नायक म्हणजे एक सरकारी सुतार. घरोघर जाऊन दारं उतरवायची, हे त्याचं काम. सुरुवातीला तो ते अगदी मन लावून करतो, एक खिळा वाकू देत नाही. स्वतःच्या बहिणीच्या घराचं दारही तोच उतरवतो. मग एका घरी जातो तर तिथे बाई बाळंत होत असते. तिची सासू म्हणते, बाबा, पोर होईपर्यंत तरी राहू दे. पण हुकूम असतो आणि याने बिजागऱ्या काढलेल्या असतात. तेव्हा तो ते सुटं दार चौकटीत उभं धरतो आणि आत पाठ करून उभा राहतो. मूल रडल्याचा आवाज येईपर्यंत. तिथून त्याचं बिनसतं. शेवटच्या पानावर तो उतरवलेल्या फळ्यांतून स्वतःच्या घराला एक दार करतो, आणि लावून घेतो. संपली कादंबरी.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांच्या त्या शेवटच्या तासाला जाऊन बसले. सगळेच जायचे, सायन्सची मुलंसुद्धा. सर फळीवरून खाली उतरले, वर्गाचं दार स्वतः लावलं, त्याला पाठ टेकून उभे राहिले आणि शेवटचं पान वाचलं. पुस्तक मिटून म्हणाले, "या क्षणी तो पहिल्यांदा माणूस झाला." वर्गात कोणी हललं नाही. माझ्या शेजारची एक मुलगी हुंदके देत होती. मी रडले नाही, पण बाहेर पडताना ठरवलं की आपण हेच करायचं. असाच तास घ्यायचा, असंच दाराला टेकून.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली. शेवटच्या पानावर एक ओळ आहे. सुतार चौकटीत दार बसवायच्या आधी त्याला आतल्या बाजूने कडी ठोकतो. आधी कडी, मग दार. सर ती ओळ वाचून पुढे गेले, थांबले नाहीत. मिरचीच्या दारामागे राहिलेल्या माणसाला ती ओळ ओलांडून जाता येत नाही. मी मनात म्हटलं, पुढच्या वर्षी मी या वर्गात असेन तेव्हा सरांना विचारीन.

पुढचं वर्ष म्हणजे पंच्याहत्तर.

जूनअखेरीस आणीबाणी आली. शहरात वरवर काही दिसत नव्हतं. बर्डीवर तीच गर्दी, तीच दुकानं. कचेऱ्यांत बाबू लोक वेळेवर यायला लागले म्हणून लोक कौतुकही करत होते. मग आमच्याच कॉलेजातले इतिहासाचे एक सर पहाटे घरून उचलले गेले. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाचा उच्चार बंद झाला. कादंबरी अभ्यासक्रमातून निघाली नाही. कशी निघेल? काढायचा अधिकार ज्यांना होता त्यांनी ती वाचली असती तर ना!

सर कादंबरी शिकवायला आले ते दिवाळीनंतर. चपराशी सवयीने दार ओढून घ्यायला लागला तर म्हणाले, "राहू दे, उघडंच राहू दे." व्हरांड्यातून प्रिन्सिपॉल येरझाऱ्या घालत होते. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. वहीतून नोट्स सांगायला सुरुवात केली, आम्ही उतरवायला लागलो. तेव्हा शिकवणं म्हणजे मुख्यतः हेच होतं, सर सांगतात आणि आपण लिहितो. नोट्सचं शीर्षक होतं, नायकाचा ऱ्हास. नायक सुरुवातीला समाजाचा जबाबदार घटक असतो. बाळंतपणाच्या प्रसंगी तो भावनेच्या आहारी जाऊन कर्तव्यात कसूर करतो. शेवटी दार लावून घेतो, म्हणजे समाजापासून तुटतो, आत्मकेंद्री होतो. लेखकाने शिस्त मोडणाऱ्या व्यक्तीची शोकांतिका रंगवली आहे. पूर्णविराम.

मी लिहायची थांबले. हात वर करायचीही शुद्ध राहिली नाही, उभीच राहिले.

"सर, मागच्या वर्षी तुम्ही उलटं सांगितलं होतं. तो माणूस झाला म्हणाले होते."

वर्गात माना खाली गेल्या. सर हसले. हसले म्हणजे ओठ हलले. "साहित्यकृती जिवंत असते," म्हणाले. "तिचं वाचन काळानुसार बदलतं. लिहा पुढे."

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. आवाज अगदी मायेचा. "तू हुशार आहेस. अक्षर तर छापल्यासारखं आहे तुझं. यंदा या पेपरचे गठ्ठे माझ्याकडेच तपासायला येणार आहेत. उगीच डोकं चालवू नकोस. नव्या नोट्स लिही, सेकंड क्लास कुठे जात नाही." आणि खांद्यावरची पिशवी सावरत निघून गेले.

बी.ए.ला सेकंड क्लास नसेल तर एम.ए.च्या दारात कोणी उभं करत नव्हतं, आणि एम.ए. नाही तर लेक्चररकी नाही. हे सरांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

घरी येऊन मी भांडी आदळायला लागले. आईने विचारलं काय झालं. म्हटलं, "आमचे सर बदलले." ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माणूस बदलते, त्यात काय? आमी नाही बदललो? देव सोडले, उपास सोडले, सारं सोडलं. पण एकदाच बदललो वं. मंग मागं फिरून नाही पायलं."  मी कडी लावली आणि दाराला टेकून नव्या नोट्स पाठ करायला बसले. हो, केल्या पाठ! लेक्चरर व्हायचं होतं मला. नायकाचा ऱ्हास मी इतका पाठ केला की झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवला असता.

परीक्षा एप्रिलमध्ये. नागपूरचा एप्रिल, हॉलमध्ये पंखे गरम हवाच ढवळत होते. प्रश्न आला, ठरलेला. मी लिहिलं, प्रस्तुत कादंबरी ही एका व्यक्तीच्या ऱ्हासाची कहाणी आहे. आणि पेन थांबलं.

मी शूर होते म्हणून थांबले असं कोणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. मला वेगळंच काही वाटलं. मला वाटलं, सर वर्गात घाबरले, कारण दार उघडं होतं आणि बाहेर प्रिन्सिपॉल होते. घाबरणारच, त्यांनाही बायकोपोरं आहेत. पण पेपर ते घरी तपासणार. खोलीत एकटे, दार लावून. पेपरवर नाव नाही, नुसता नंबर. नव्या नोट्स लिहिलेले शेकडो पेपर वाचून वाचून विटलेले असतील, आणि मधेच हा एक पेपर हाताला लागेल. तेव्हा ते मागच्या वर्षीचे सर असतील. दार लावल्यावर तरी माणूस खरा असतो, असं ती कादंबरी सांगत होती ना! आणि ती त्यांनीच मला शिकवली होती. इतकी मी भैताड.

मी पहिली ओळ खोडली आणि मनातलं लिहिलं. सुतार आधी हुकुमाचा माणूस असतो. बाळंतिणीच्या घरी तो स्वतःच दार होऊन उभा राहतो. आणि शेवटी तो जे दार लावतो ते सरकारला बाहेर ठेवायला नाही. उद्या दार उतरवायला येणार कोण? सुतारच येणार. कालपर्यंत तो सुतार हाच होता. त्याने कडी लावली ती स्वतःच्याच तोंडावर, त्या जुन्या सुताराच्या तोंडावर. म्हणून लेखकाने कडी आधी सांगितली आणि दार नंतर. मग आईचं बोलणं जरा नीटनेटकं करून घातलं. आतून कडी नसेल तर ते दार नव्हे, झाकण असतं, आणि माणूस म्हणजे काही बरणीतलं लोणचं नव्हे. हे लिहिताना मला हसू आलं. वाटलं, सरही हसतील. बाहेर पडले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मी घरापर्यंत चालत गेले, इतकी खूश होते.

निकाल लागला. बाकीच्या पेपरांत बरे मार्क, आणि या एका पेपरात नापासाच्या काठावर. एकूण थर्ड क्लास. वर्गातल्या ज्या मुलीला कादंबरी कोणत्या शहरात घडते हेही सांगता आलं नसतं, तिला त्या पेपरात माझ्या जवळजवळ दुप्पट. तिने नोट्स लिहिल्या होत्या, स्वल्पविरामासकट.

आईने विचारलं, म्हटलं पेपर कठीण होता. ती म्हणाली, "मंग पुन्हा दे." पुन्हा देऊन काय करायचं ते मला कळेना. कोणी सूड घेतला असं माझ्या मनात आलंच नाही, हे लक्षात घ्या. मी धरून चालले की उत्तरच वाईट होतं. सरांनी दार लावून, शांतपणे वाचलं असेल आणि त्यांना वाटलं असेल, ही काय वस्तीतली बडबड, कडी काय, झाकण काय, लोणचं काय! साहित्यावर असं लिहितात का? मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. त्या लाजेपायी मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, टायपिंग शिकले आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत चिकटले. दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करायचं. माझ्या छापल्यासारख्या अक्षराचीही गरज संपली.

मग सत्त्याहत्तर आलं, आणीबाणी गेली, सरकार गेलं. आणि शहरात जिकडे तिकडे शूर माणसं उगवली. जो उठेल तो सांगायचा, मी त्या काळात कसा बोललो, कसा वाकलो नाही. इतिहासाचे सर सुटून आले ते मात्र गप्प असायचे. तब्येत पार गेली होती त्यांची.

त्याच वर्षाच्या शेवटी बर्डीवरच्या एका सभागृहात आमच्या सरांचा सत्कार होता. निमंत्रणावर छापलं होतं, निर्भीड प्राध्यापक. अंधाऱ्या काळातही ज्यांनी वर्गात ती कादंबरी शिकवणं सोडलं नाही, वगैरे. शिकवणं सोडलं नाही हे खरंच होतं! काय शिकवलं ते कोण विचारतो? तरी मी जायचं ठरवलं, आणि का ते सांगते. माझ्या मनात त्यांच्याविषयी अजूनही आदर होता. भीतीचं मी माफ केलं होतं, आणि मार्कांचा दोष माझ्याच डोक्यावर घेऊन ठेवला होता. आईही म्हणाली, मी येते. कॉलेजच्या दिवसांत सर म्हणतात, सर म्हणतात ऐकून तिचे कान किटले होते, तिला एकदा तो माणूस पाहायचा होता. तिने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. बाबांची गिरणीत पाळी होती, ते आले नाहीत.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. हार झाले, शाल झाली. सर बोलायला उभे राहिले. देहाने जरा भरले होते, आवाज तोच. त्यांनी कादंबरीची गोष्ट सांगितली, बाळंतिणीचं दार सांगितलं. लोक तल्लीन. मीही तल्लीन, सांगायला काय जातं. मग ते शेवटच्या पानावर आले आणि थांबले.

"आधी त्याने कडी ठोकली," सर म्हणाले. "मित्रहो, या ओळीपाशी मी वर्षानुवर्षं अडलो आहे. आधी कडी, मग दार! कोणासाठी ही कडी? सरकारसाठी? नाही! तो दार लावतो ते कालच्या स्वतःच्याच तोंडावर!"

टाळ्या पडल्या. मी खुर्चीत सरसावून बसले. अजून काही होईल असं वाटत असतानाच त्यांनी हात वर केला आणि आवाज चढवला.

"कारण आतून कडी नसेल तर ते दार नव्हे, झाकण असतं! आणि माणूस म्हणजे काही बरणीतलं लोणचं नव्हे!"

सभागृह उसळलं. हशा, टाळ्या, पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ तर उभे राहिले. आणि आईने मला कोपराने ढोसलं.

"काहून वं? हे तं माहं बोलणं होय. तुह्या बापाले म्हणलं होतं मी. याले कोणं सांगतलं?"

तिला वाटत होतं ती हळू बोलते आहे. पुढच्या दोन रांगा वळून पाहायला लागल्या.

"मी," म्हटलं. "मी लिहिलं होतं. पेपरात."

 व्यासपीठावर सर पाणी पीत होते. मग ती म्हणाली, आणि हे तर अगदीच चौकात बोलावं तसं म्हणाली, "मंग तुले मार्क काहून कमी देल्ले?"

 म्हणजे त्यांनी वाचलं होतं. नीट वाचलं होतं, समजून वाचलं होतं, इतकं आवडलं होतं की पाठ केलं होतं. आणि मग मार्कांच्या जागी तो आकडा घातला होता. मी एवढे दिवस ज्या उत्तराची लाज वाटून घेत होते, ते उत्तर तिथे हार घालून उभं होतं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कार्यक्रम संपला. मला पळून जायचं होतं, पण आईने हात सोडला नाही. गर्दीतून वाट काढत ती सरळ व्यासपीठाच्या पायऱ्यांशी गेली. सर खाली उतरत होते. मी दिसले, आणि क्षणभर थबकले. मग मोठ्याने म्हणाले, "अरे, तू! काय करतेस हल्ली?"

"टायपिस्ट आहे, सर."

"टायपिस्ट?" ते आजूबाजूच्या लोकांकडे वळले. "काय अक्षर होतं हो हिचं! छापल्यासारखं. लाखात ओळखू येईल. अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे."

आई पुढे सरकली. "साहेब, ते झाकणाचं बोलणं हिनं पेपरात लिहिलं होतं. मंग मार्क काहून कमी देल्ले गा?"

 सरांनी शाल सावरली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्हाला कल्पना नाही. पेपर तपासताना आमच्यापुढे विद्यार्थ्याचं नाव नसतं."

"नाव नसन," आई म्हणाली. "अक्षर तं होतं."

 कोणीतरी हार घेऊन आलं आणि त्यांनी मान पुढे केली. आम्ही बाहेर पडलो, रिक्षा न करता चालतच निघालो. घरी पोचल्यावर आत जाऊन आईने आधी कडी लावली.